गाण्याचा धाक

मार्च १९२३ मध्ये जबलपूरच्या टाउन हॉलवर काही तरुणांनी चरख्याचे चिन्ह असलेला राष्ट्रीय ध्वज चढवला. त्या कृत्यात कोणाला इजा झाली नव्हती, की सरकारी तिजोरीतला एक पैसा हलला नव्हता. तरीही पंडित सुंदरलालांना कारावास घडला, आणि जबलपुरात पडलेली ती ठिणगी नागपुरात जाऊन पेटली. १ मे ते १८ ऑगस्ट या साडेतीन महिन्यांत केवळ झेंडा हाती धरून चालल्याबद्दल दीड हजारांवर सत्याग्रही तुरुंगात गेले. ज्या साम्राज्यापाशी पलटणी, तोफा आणि आरमार होते, त्याला हातभर कापडाचे भय वाटावे, हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटते. परंतु राज्यकर्ते भ्यायले होते ते कापडाला नव्हे. त्या कापडाकडे पाहून हजारो माणसांच्या मनात एकाच वेळी जो अर्थ उभा राहत होता, त्या अर्थाला ते भ्यायले होते.

कापडाची ही कथा, तर गाण्याची कथा त्याहून अवघड. झेंडा उतरवून घेता येतो, जाळता येतो. गाणे एकदा दहा गळ्यांत उतरले म्हणजे ते कोठून जप्त करावयाचे? जबलपूरच्या त्या सत्याग्रहापूर्वी चौदा वर्षे, १९०९ मध्ये, नाशिकच्या एका गाणाऱ्या तरुण मंडळीपुढे इंग्रज सरकारला हाच प्रश्न पडला होता. त्या मंडळीचे नाव मित्रमेळा.

आज 'मेळा' हा शब्द ऐकून पुष्कळांच्या डोळ्यांसमोर जत्रा उभी राहते. त्या काळी महाराष्ट्रात त्याला दुसरा अर्थ होता. १८९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर चढला, आणि त्याबरोबर गाणाऱ्या मुलांची पथके निघू लागली. एकसारखा पोशाख केलेली पंधरावीस मुले, हातात लेझीम किंवा टिपऱ्या, साथीला झांज-ढोलकी, आणि चौकाचौकात थांबून समूहस्वराने म्हणावयाची पदे, असे मेळ्याचे स्वरूप असे. पदे गणपतीची असत, शिवरायांची असत, आणि हळूहळू स्वदेशीची नि परदास्याचीही होऊ लागली. मेळ्याला रंगभूमी लागत नसे, तिकीट लागत नसे, ऐकणाऱ्याला अक्षरओळखही लागत नसे. वर्तमानपत्र शंभरांत पाचदहा जणांना वाचता येई. मेळ्याचे पद मात्र दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर आणि तालमीत ऐकू येई.

कवितेची दहशत सरकारला तोवर ठाऊक नव्हती असे नाही. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा जो पहिला खटला झाला, त्यात 'केसरी'तील 'शिवाजीचे उद्गार' ही कविता हा फिर्यादीचा एक आधार होता. गडावर परत आलेले शिवछत्रपती देशाची दैना पाहून शोक करतात, एवढाच तिचा विषय. परंतु न्यायासनाने तिच्यातील शोकाचे तोंड कोणाकडे आहे हे ओळखले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. इतिहासातील पुरुषाच्या मुखाने वर्तमानाविषयी बोलणे ही मराठी कवीची युक्ती आणि ती युक्ती उलगडणे हा सरकारचा उद्योग, हा सामना येथून सुरू झाला.

नाशिकच्या तिळभांडेश्वराच्या गल्लीत १९०० च्या आरंभी मित्रमेळा उभा राहिला. प्लेगने भगूरच्या सावरकर कुटुंबातील वडील माणसे नेली होती, आणि गणेश, विनायक व नारायण हे तिघे भाऊ नाशकात आश्रयाला आले होते. म्हसकर आणि पागे या दोन नाशिककरांबरोबर विनायकाने प्रथम एक गुप्त मंडळ स्थापले. मित्रमेळा हे त्याचे उघडे अंग. वरवर पाहता तो गणेशोत्सवात नि शिवजयंतीत पदे म्हणणारा चारचौघांसारखा मेळा होता. आत मात्र इतिहासाचे वाचन चाले, इटलीच्या मॅझिनीच्या गोष्टी निघत, आणि स्वातंत्र्याचा मार्ग कोणता यावर वाद रंगत. पुढे १९०४ मध्ये याच संस्थेला 'अभिनव भारत' हे नाव मिळाले.

या मेळ्याला त्याचा कवीही त्याच गल्लीत सापडला. गोविंद त्र्यंबक दरेकर हे त्याचे नाव. गल्लीत त्याला आबा म्हणत. जन्म १८७४ चा, घरची स्थिती बेताची, शिक्षण जेमतेम. आणि बालपणीच्या आजाराने दोन्ही पाय कायमचे लुळे झालेले. लावण्या रचण्यात मात्र आबांचा हात कोणी धरू शकत नसे. गल्लीतील फडांना ते शृंगारिक रचना करून देत. सावरकर बंधूंचा सहवास घडला, आणि त्या रचनेचा ओघ वळला. चाली त्याच राहिल्या, ठेका तोच राहिला, लावणीने कमावलेली शब्दांची लवचिकताही तीच राहिली. विषय तेवढा पालटला. रामाने रावणाशी मांडलेला संग्राम, अफझलखानाचा वध, परदास्यातून मुक्त झालेल्या देशांचे दाखले, असे विषय त्यांच्या पदांत आले. ज्याला स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडणे कठीण होते, त्याची पदे नाशिकच्या रस्त्यांतून मिरवू लागली.

गोविंदांच्या पदांच्या जोडीला विनायकरावांचे तानाजी आणि बाजीप्रभू यांवरील पोवाडे होते. मित्रमेळ्याची मुले ते म्हणत तेव्हा श्रोत्यांत म्हातारे असत, बायका असत, शाळकरी पोरे असत. पदाचा शब्दार्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे, आणि त्यातला गर्भितार्थ तर मुळीच नाही. रावण म्हटले म्हणजे रावण कोण, हे गाणाऱ्याने सांगितले नाही तरी ऐकणारा जाणत होता. ही जाण उभयपक्षी होती. पोलिसांचा हेर गर्दीत उभा असे, तोही मराठीच असे, आणि त्यालाही रावण कोण हे समजत असे. १९०६ च्या दसऱ्याला 'वंदे मातरम्'च्या घोषावरून नाशकात पोलिसांशी झटापट होऊन खटला झाला, तेव्हापासून या मंडळींवरची नजर अधिकच कडक झाली. त्याच वर्षी विनायकराव विलायतेस गेले होते, आणि नाशकातील सारा भार थोरले बंधू गणेशपंत ऊर्फ बाबाराव यांच्यावर पडला होता.

बाबाराव वक्ते नव्हते, कवी नव्हते. त्यांचा पिंड कार्यकर्त्याचा. तोंडी चालणारी ही पदे कागदावर यावीत म्हणून त्यांनी १९०८ मध्ये 'लघु अभिनव भारत माला' या नावाने अठरा कवितांचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. हा क्षण निर्णायक ठरला. गळ्यातल्या गाण्याचा पुरावा न्यायालयापुढे मांडणे कठीण. छापील पुस्तक मात्र टेबलावर ठेवता येते, त्याचे भाषांतर करता येते, त्यावर प्रकाशकाचे नाव दाखवता येते. १९०९ च्या फेब्रुवारीअखेर बाबारावांना अटक झाली, आणि नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्याकडून खटला सेशन्स कोर्टात गेला. आरोप केवळ राजद्रोहाचा नव्हता. दंडविधानाचे १२१ वे कलम, म्हणजे बादशहाविरुद्ध युद्ध पुकारणे किंवा त्यास चिथावणी देणे, हे त्यांच्यावर लावण्यात आले. जून १९०९ मध्ये निकाल लागला: जन्मठेप काळे पाणी आणि मालमत्तेची जप्ती. पदे रचली ती गोविंदांनी, म्हटली ती शेकडो मुलांनी, आणि शिक्षा झाली ती पुस्तक काढणाऱ्याला.

अपील मुंबईच्या हायकोर्टापुढे गेले. न्यायमूर्ती होते सर नारायण गणेश चंदावरकर आणि हीटन. चंदावरकर हे काही परके नव्हते. १९०० च्या लाहोर काँग्रेसचे ते अध्यक्ष होते, प्रार्थना समाजाचे धुरीण होते, मराठी उत्तम जाणणारे होते. पदांत तर देवादिकांच्या कथा आहेत, त्यात सरकारचे नावही नाही, हा बचाव त्यांच्यापुढे टिकण्यासारखा नव्हता. देवांची आणि शिवाजीसारख्या वीरांची नावे हे निमित्त आहे. सरकार परकीय आणि जुलमी आहे म्हणून तलवार उचला, हाच या कवितांचा खरा उपदेश आहे, असा त्यांनी निर्णय दिला. युद्धाच्या चिथावणीला प्रत्यक्ष युद्ध घडलेच पाहिजे असे नाही, असेही न्यायालयाने ठरवले. नोव्हेंबर १९०९ मध्ये शिक्षा कायम झाली. पुढे १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालातही या निकालाचा आधार घेतला गेला.

येथे थोडे थांबून निष्पक्षपणे विचार केला पाहिजे. चंदावरकरांनी कवितेचा अर्थ चुकीचा लावला होता काय? नाही. गोविंदांची पदे निरुपद्रवी भक्तिगीते नव्हती. शस्त्राचा उपदेश त्यांत होता, आणि तो दडवण्याचा देखावा पातळ होता. एका परीने पाहता, त्या काळात मराठी कवितेचे इतके अचूक वाचन क्वचितच कोणी केले असेल. तेव्हा प्रश्न अर्थाचा नव्हता, प्रमाणाचा होता. लहानशा पुस्तकाला आयुष्यभराचे काळे पाणी, हे माप जेव्हा एखादे सरकार लावते, तेव्हा ते स्वतःच्या शक्तीची नव्हे, स्वतःच्या भयाची ग्वाही देते. आणि त्या मापाचा परिणामही उलटाच झाला. निकालानंतर महिना दीड महिन्यातच, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सन यांचा निरोपसमारंभ होता. किर्लोस्कर मंडळी 'शारदा' करणार होती. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार, लोक त्यांना पंडित म्हणत. त्या रात्री अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने त्यांना गोळ्या घातल्या, आणि एप्रिल १९१० मध्ये तो, कर्वे आणि देशपांडे असे तिघे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. एका विद्वान अधिकाऱ्याचा आणि तीन तरुणांचा प्राण गेला. गाण्यावर घातलेल्या घावाची ही किंमत दोन्ही बाजूंनी मोजली.

यानंतर बंदीचे सत्र सुरू झाले. १९१० च्या आरंभी खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चे प्रयोग बंद झाले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी तीन वर्षांपूर्वीच ओळखले होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नवा वृत्तपत्र कायदा आला, आणि सावरकरांचे पोवाडे, गोविंदांच्या कविता सरकारजमा होऊ लागल्या. मेळ्यांवरही पोलिसांचा पहारा बसला. म्हणावयाची पदे आधी दाखवावी लागू लागली. ज्या घरी ते पुस्तक सापडे त्या घरावर संशयाची छाया पडे. नाशकात कित्येकांनी ते जाळले, कित्येकांनी विहिरीत टाकले. पाठ असलेले तेवढे राहिले.

आणि पाठ होते ते बायकांनाही. बाबारावांच्या पत्नी यशोदाबाई, सगळ्यांच्या येसूवहिनी, यांनी नाशिकच्या स्त्रियांचे एक मंडळ जमवले होते. मेळ्यात जी पदे मुले म्हणत, ती माजघरात या स्त्रिया म्हणत. शिक्षेची वार्ता विलायतेत पोहोचली, तेव्हा धाकट्या दिराने त्यांच्या सांत्वनासाठी कविताच पाठवली. मालमत्ता जप्त झालेल्या त्या घरातील बाईला त्यानंतर पतीचे दर्शन घडले नाही. अंदमानात जाऊन भेटण्याची परवानगी त्या वर्षानुवर्षे मागत राहिल्या. ती मिळाली तोवर, १९१९ मध्ये, त्यांनी डोळे मिटले होते. बाबाराव १९२१ मध्ये अंदमानातून हिंदुस्थानात आणले गेले आणि १९२२ मध्ये जर्जर होऊन सुटले. खटल्याच्या कागदांत येसूवहिनींचे नाव आरोपी म्हणून कोठेही नाही. शिक्षा मात्र त्यांनी दहा वर्षे भोगली.

गाण्याला असलेला हा धाक परकीय सत्तेचाच विशेष आहे, असे मानण्याचा मोह होतो. तो मोह सोडला पाहिजे, आणि त्यासाठी नाशिकपासून पुष्कळ दूर, लाइपझिगला जावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, आणि लाइपझिग शहर साम्यवादी राजवटीखालच्या पूर्व भागात आले. तेथील राज्यकर्ते परके नव्हते. जर्मनच होते, आणि कामकऱ्यांच्या नावाने राज्य करीत होते. तेथे क्लाउस येन्च या तरुणाने आईचे माहेरचे नाव घेऊन 'क्लाउस रेन्फ्ट काँबो' ही वाद्यवृंदाची मंडळी १९५८ मध्ये स्थापली. गिटार, ढोल आणि मोठा आवाज असलेले पाश्चात्त्य धर्तीचे रॉक संगीत ही मंडळी वाजवीत असे. पूर्व जर्मनीत गाण्यासाठी परवाना लागे. सरकारी समितीपुढे वाजवून दाखवावे लागे, आणि तिने दिलेल्या श्रेणीप्रमाणे बिदागी ठरे. कार्यक्रमातील साठ टक्के गाणी स्वदेशातील किंवा मित्रराष्ट्रांतील असावीत, असा १९५८ पासून दंडक होता.

रेन्फ्टच्या मंडळीवर १९६२ मध्ये बंदी आली. दुसऱ्या नावाने ती उभी राहिली, तर १९६५ मध्ये लाइपझिगच्या अधिकाऱ्यांनी शहरातील बहुतेक अशा मंडळींचे परवाने काढून घेतले. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला तरुण मुले निषेधासाठी चौकात जमली, तेव्हा त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडण्यात आले, आणि पकडलेल्यांपैकी काहींना कोळशाच्या खाणीत कामाला धाडण्यात आले. १९६७ नंतर मंडळी पुन्हा जुळली, सरकारी कंपनीने १९७३ आणि १९७४ मध्ये तिच्या दोन तबकड्याही काढल्या. तिची खरी ताकद होती गेरुल्फ पानाख या गीतकारात. सैन्यात शस्त्र धरण्याविषयीचा विवेक, देश सोडून जाऊ पाहणारा एक सामान्य मुलगा, असे विषय त्याने गाण्यांत आणले. आणि ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

२२ सप्टेंबर १९७५ रोजी मंडळी परवान्यासाठी समितीपुढे उभी राहिली. वाद्याला हात लावण्याआधीच तिला निर्णय ऐकवण्यात आला. क्लाउसने विचारले, म्हणजे आमच्यावर बंदी आहे काय? अध्यक्षबाईंचे उत्तर असे की, बंदी आहे असे आम्ही म्हटलेले नाही. तुम्ही आता अस्तित्वातच नाही, असे आम्ही म्हटले आहे. हा संवाद चोरून नेलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रावर टिपला गेला म्हणून आज जगाला ठाऊक आहे. त्यानंतर रेडिओवरून त्यांची गाणी नाहीशी झाली, दुकानांतून तबकड्या नाहीशा झाल्या. क्लाउस १९७६ मध्ये पश्चिम बर्लिनला गेला. पानाख आणि वादक क्रिस्टियान कुनेर्ट यांना त्याच वर्षी नोव्हेंबरात अटक झाली, आणि नऊ महिन्यांच्या कैदेनंतर ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांना देशाबाहेर घालवण्यात आले. इंग्रजांनी बाबारावांना समुद्रापार नेले. या सरकारने पानाखला भिंतीपार टाकले.

दोन्ही कथा सर्वस्वी सारख्या नाहीत. नाशिकच्या पदांत तलवार होती. लाइपझिगच्या गाण्यांत तलवार हाती न घेण्याचा विचार होता. एका ठिकाणी सरकारने गाण्याला युद्ध म्हटले, दुसऱ्या ठिकाणी गाणाऱ्यांना शून्य म्हटले. परंतु दोन्ही सत्तांचे दुखणे एकच होते. गाणाऱ्यात आणि ऐकणाऱ्यात जो न बोलता समजणारा अर्थ असतो, तेथे तिसऱ्याचा शिरकाव होत नाही. सत्ता तो अर्थ ओळखू शकते, त्याबद्दल शिक्षा देऊ शकते. तो निर्माण होणे थांबवू शकत नाही. सरकारचा हुकूम कागदाला लागू पडतो, माणसाच्या शरीराला लागू पडतो. पाठांतराला तो लागू पडत नाही. अंदमानात कागद-लेखणीची बंदी असताना विनायकराव सावरकरांनी हजारो ओळी रचून पाठ केल्या आणि त्या तशाच बाहेर आणल्या, हे याचेच प्रत्यंतर.

काळाने दोन्ही हुकूम पुसून टाकले. 'कीचकवधा'वरील बंदी १९२६ मध्ये उठली. १९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली, आणि जी मंडळी अस्तित्वातच नाही असे सरकारी दप्तर म्हणत होते, ती १९९० मध्ये पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. त्याच वर्षी ते सरकारच अस्तित्वातून गेले. कवी गोविंद मात्र स्वातंत्र्य पाहण्यास राहिले नाहीत. १९२६ च्या फेब्रुवारीअखेर त्यांचा अंत झाला. मरण समोर दिसत असता त्यांनी त्या मरणाचेच स्वागत करणारी एक कविता रचली, आणि तिच्यातील तीन शब्द पु. ल. देशपांडे यांनी १९५८ मध्ये आपल्या एका नाटकाला नाव म्हणून घेतले: 'सुंदर मी होणार'. त्या नाटकाची नायिकाही पायांनी अधू, आणि कवयित्री. नाटक पाहणाऱ्या कित्येकांना ते शब्द कोणाचे हे ठाऊक नसते.

ज्यांच्यासाठी एका माणसाने जन्मठेप भोगली, ती अठरा पदेही आज थोड्यांनाच आठवतील. मेळेही गेले, त्या चालीही पुसट झाल्या. गाण्याला सरकारची बंदी मारू शकत नाही. मारू शकते ते ऐकणाऱ्यांचे विस्मरण. सत्तेच्या पहाऱ्यातून जे गाणे सुटले, ते टिकवण्याचा भार अखेर ज्यांच्यासाठी ते गायले गेले त्यांच्यावरच येतो.